भैरोबाचा कौल

"चावल्यावर गेला कुठं?" तात्यांनी विचारलं.

"पाण्यात शिरला," धोंडिबा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "खाचरात पाणी हाय न्हवं, त्यात गेला सरळ."

"आंगावर काय हुतं?"

"चौकटी. लुगड्यावर असत्यात तशा. पिवळट आंग आन काळ्या चौकटी."

"आवाज केला?"

"न्हाय."

तात्या खाली बसले. धोंडिबाचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला, तांब्यातल्या पाण्यानं धुतला आणि उजेडाकडं वळवून बराच वेळ निरखला. मी दाराच्या आत उभी होते. नवीन लग्न होऊन आले होते आणि साप चावलेला माणूस पहिल्यांदाच बघत होते. अंगणात अर्धं गाव जमलं होतं. तात्यांनी डोळे मिटले. मग मान हलवली आणि म्हणाले, "भैरोबानं कौल दिलाय. भिऊ नगंस."

त्या एका वाक्यानं धोंडिबाच्या अंगातली थरथर निम्मी कमी झाली. मग लिंबाचा डहाळा आला, भंडारा आला, तात्यांचं पुटपुटणं सुरू झालं. दिवेलागणीला धोंडिबा चहा पिऊन स्वतःच्या पायानं घरी गेला.

निवृत्ती गुरव हे माझे सासरे. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव आहे, तिथल्या भैरोबाचे ते पुजारी. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर कुणाला साप चावला की त्याला उचलून देवळासमोरच्या आमच्या अंगणात आणायचे. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले. माझे मालक चिपळूणला कारखान्यात होते, महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. घरात तात्या, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

धोंडिबानंतर थोड्याच दिवसांत खालच्या वाडीची एक बाई आणली. गोवऱ्या काढताना हाताला चावलं होतं. तात्यांनी तसेच प्रश्न विचारले, तसाच हात उजेडात धरला. पण या वेळी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

"कौल न्हाय," ते म्हणाले. "ह्यो माझ्या हातात दिलेला न्हाय. गाडी करा आन तालुक्याच्या दवाखान्यात न्या. वाटंत कुठं थांबू नका."

कुणी वाद घातला नाही. बाईला नेलं, ती वाचली, आणि आठवड्याभरात नारळ घेऊन भैरोबाला आली. दवाखान्याचं तिनं नावही काढलं नाही. म्हणाली, "देवानं येळंवर सांगितलं म्हणून जगले."

त्याच दुपारी ओसरीवर मी आणि तात्या शेंगा फोडत बसलो होतो. मला राहवेना.

"तात्या, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"इचार."

"धोंडिबाला चावली ती दिवड होती. पाण्यातली. आमच्याकडं विहिरीत असायच्या. तिला विष नसतं."

तात्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी आत बघितलं. आत्याबाई मागच्या दारी होत्या.

"आन त्या बाईचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो मला नाही कळला."

"फुरसं. आंगावर आंग घासून करवतीगत आवाज करतं. तिनं आवाज सांगितला तवाच मी वळाखलं." मग ते चक्क हसले. "माझ्या बायकूला एवढ्या वर्षांत कळलं न्हाय, आन तू दोन म्हैन्यांत धरलंस."

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. चावतात ते बहुतेक साप बिनविषारी असतात. दिवड, धामण, नानेटी, कवड्या. त्यांचा चावा म्हणजे बारीक दातांची खरवड. माणूस मरायला टेकतो तो भीतीनं. त्याला धीर दिला की तो उठून बसतो. विषारी मोजकेच: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यातला आहे असं नुसतं वाटलं तरी तात्या कौल नाही म्हणायचे. कवड्या आणि मण्यार यांच्या अंगावरचे पट्टे अंधारात सारखेच दिसतात, म्हणून पट्ट्यांचा साप कुणी सांगितला की त्याला हात लावायचाच नाही, हा त्यांचा नियम होता.

"मग मंत्र?" मी विचारलं.

"मंत्र धीर द्यायला."

"पण लोकांना सरळच सांगा की, हा विषारी, दवाखान्यात न्या."

"मी सांगून कोन ऐकतंय? माझ्या बानं सांगितलं हुतं एकदा, कुनी ऐकलं न्हाय. देवानं सांगितलं म्हनलं की मुकाट ऐकत्यात." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "माझ्या हातानं आजवर एक मानूस दगावलेला न्हाय, इंदू. एक बी न्हाय."

त्यात खोटं काही नव्हतं. मला ते पटलं, खरं तर आवडलंच. माझ्या सासऱ्यांचा मला अभिमान वाटायला लागला. पुढं कुणी आलं की तात्या प्रश्न विचारायचे आणि मी दाराआडून मनातल्या मनात उत्तर ठरवायचे. कौल आहे, कौल नाही. माझं उत्तर सहसा चुकत नसे.

पुढच्या वर्षी भात कापणीला आलं त्या सुमाराला नणंदेच्या मुलाचं बारसं होतं, तिकडं कोरेगावला. आत्याबाईंना एसटी सोसायची नाही म्हणून तात्या एकटेच आदल्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं यायचे होते. त्या सकाळी मी अंगण सारवत असताना डेअरीचा दुधाचा टेम्पो देवळापाशी थांबला. एरवी तो खालच्या रस्त्यानं जायचा. मागच्या फळीवरून हिंदुराव उतरला, त्याच्या मागं त्याची आई अनसाकाकू, आणि दोघांनी मिळून हिंदुरावच्या धाकट्या भावाला, सर्जाला, खाली घेतलं.

सर्जा गावातला सगळ्यांचा लाडका. कुणाचं छप्पर शाकारायचं असो नाहीतर वरातीत हलगी वाजवायची असो, तो हजर. त्या दिवशीही तो माझ्याकडं बघून हसला.

"तात्या हायत न्हवं वहिनी?"

"नाहीत. कोरेगावला गेलेत. काय चावलं?"

तो पायरीवर टेकला आणि सांगायला लागला. तात्या काय विचारतात ते गावातल्या पोराटोरांना पाठ होतं. का विचारतात, हे मात्र कुणाच्या कधी मनात आलं नव्हतं.

"भात कापत हुतो. पेंढीखाली हुता. जाडजूड, भुरका. आंगावर साखळी बघा, एकाला एक जोडून काळे गोल. आन असा फुसकारला म्हनता, कुकरच्या शिट्टीगत. चावून तितंच वेटोळं करून बसला, पळाला सुदीक न्हाय."

त्याच्या पोटरीवर दोन भोकं होती, आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. घोणस. मला मनात ठरवायचीही गरज पडली नाही.

"हिंदुरावदादा, ह्यांना आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्या. टेम्पो आहेच. इथं उतरवायलाच नको होतं."

"तात्या कवा येत्यात?"

"दुपारच्या गाडीला. तोवर थांबू नका."

"दुपार काय लांब हाय? थांबतो."

मग मी तात्यांसारखंच बोलून पाहिलं. "भैरोबाचा कौल नाही."

हिंदुरावनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तात्या हितं न्हाईत, आन कौल तुला दिला व्हय?"

अनसाकाकू समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पोर भ्यालीया. अगं, माझ्या भावाला ह्याच पायरीवर तात्यांनी उठवलाय. माझ्या डोळ्यानं बघितलंय मी. तू आत जा, च्या टाक."

टेम्पोवाल्यानं एंजिन चालूच ठेवलं होतं. तो म्हणाला, "न्यायचा आसंल तर बसवा, मी सोडतो. न्हाय तर मला जाऊ द्या, दूध नासंल."

सर्जा खाली थुंकला. थुंकीत रक्त होतं. त्यानं ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

तेव्हा मी बोलले. अंगणाच्या मधोमध उभी राहून, टेम्पो बघून जमलेल्या शेजारपाजारच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. "तात्या विष उतरवत नाहीत. तात्यांना विष उतरवता येत नाही. ज्या सापाला विष नाही त्याचाच माणूस ते हातात घेतात आणि बाकीचे दवाखान्यात पाठवतात. त्यांनी स्वतः मला सांगितलंय. आज ते इथं असते तर त्यांनीही तुम्हाला हाकललं असतं."

आत्याबाई कधी मागं येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही. त्यांनी माझ्या तोंडात मारली. "देवाच्या दारात असलं बोलतीस? घरात हो."

मी घरात गेले नाही. पण माझं बोलणं संपलं होतं, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. हिंदुरावनं पाठ फिरवली होती. टेम्पोवाला थोडा वेळ घुटमळला, मग गिअर टाकून निघून गेला. उतारावरून कॅन आपटल्याचा आवाज किती तरी वेळ येत होता.

मी धावत खालच्या वस्तीवर गेले. तिथं एकाची जीप होती. ती सकाळीच वऱ्हाड घेऊन गेली होती. परत आले तर सर्जाला ओसरीवर निजवलं होतं. अनसाकाकू त्याच्या कपाळाला भंडारा लावत होत्या. मी ओला फडका घेऊन त्याच्या हिरड्यांतून येणारं रक्त पुसत बसले. तो मधूनमधून म्हणायचा, "आली का गाडी?" आणि मी म्हणायचे, "येईल आता."

एसटीतून तात्या उतरले ते हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी घेऊन. दुरून गर्दी बघितली तेव्हा त्यांनी चालण्याचा वेग वाढवला नाही, नेहमीच्याच ऐटीत आले. लोक बाजूला झाले. ते सर्जापाशी वाकले, पाय बघितला. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला.

"कवा आनला?" त्यांनी मला विचारलं.

"सकाळी."

"तू सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं. सगळं सांगितलं."

ते हिंदुरावकडं वळून म्हणाले, "उचला. तालुक्याला."

"पर तात्या, तुमी आलाय की आता."

"उचल म्हनतोय न्हवं."

तोवर जीप परत आली होती. सर्जाला मागच्या बाकावर आडवा केला. त्याचं तोंड पुसायला कुणीतरी हवं म्हणून मीही चढले. तात्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. घाटात जीप हेलकावे खात होती, आणि अनसाकाकू सारख्या म्हणत होत्या, "मंत्र म्हना तात्या. थांबू नका, मंत्र म्हना." तात्या म्हणत राहिले. त्यांचा आवाज मधेच तुटायचा, परत सुरू व्हायचा. सर्जा डोळे लावून त्यांच्याकडं बघत होता. त्या नजरेत अजूनही विश्वास होता. मी बाहेर बघायला लागले.

दवाखान्यात डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "कधी चावला?"

"सकाळी," हिंदुराव म्हणाला.

"मग इतका वेळ कुठं होता?"

"तात्यांची वाट बघत हुतो."

"कोण तात्या?"

मागून आवाज आला, "मी."

डॉक्टरनं एकदाच त्यांच्याकडं बघितलं. ओरडला नाही, काही नाही. सर्जाचं स्ट्रेचर आत ढकलत घेऊन गेला. तात्या तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. मी खुर्ची आणून दिली तर बसले नाहीत.

लस दिली, पण उशीर झाला होता. मूत्रपिंडं बंद पडली. तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी सर्जा गेला.

दहाव्याला सगळा गाव नदीवर होता. पिंडाला कावळा शिवला आणि माणसं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात तात्या पुढं आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना घराबाहेर बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"सर्जा माझ्यामुळं गेला," ते म्हणाले. "मला विष उतरवता येत न्हाय. माझ्या बाला येत नव्हतं. आजवर मी ज्यांना उठवलं, त्यांना विष चढलंच नव्हतं. ही गोष्ट मी तुमच्यापासनं लपवली. नाव मला गोड लागत हुतं. माझं नाव ऐकून त्या पोराला माझ्या दारात बसवून ठेवलं. सुनेनं खरं सांगितलं, तर ते बी माझ्याच नावापुढं चाललं न्हाय. आता मला काय शिक्षा करायची ती करा."

मग गावातले एक म्हातारे पुढं झाले, त्यांनी टोपी तात्यांच्या हातातून घेऊन परत त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"तात्या, मन मोठं तुमचं. दुसऱ्याच्या दुःखात दोष आपल्या आंगावर घेताय. असं कोन करतं आजकाल?"

"मी खरं सांगतोय."

"व्हय, व्हय. चला, बसा जरा सावलीत."

तात्या अनसाकाकूंपुढं जाऊन उभे राहिले. त्या मातीत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि हात जोडले. "तुमी घरी असता तर माझा सर्जा वाचला असता. माझंच नशीब फुटकं, त्या दिवशी तुमी गावाला." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आन त्यात ही बाई देवाच्या दारात नाय नाय ते बोलली. देव कोपला."

"तिचा काय दोष न्हाय," तात्या जवळजवळ ओरडलेच. "तिचं एकटीचं बरोबर हुतं."

पण बायका माझ्यापासून सरकून उभ्या राहिल्या होत्या. पुढं वर्षभर मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी घरी आले तेव्हा तात्या देवळाच्या पायरीवर बसले होते, आणि त्यांच्याकडं बघितल्यावर मला माझं दुःख बोलून दाखवावंसं वाटलं नाही.

"एकानं सुदीक दगड उचलला न्हाय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तात्यांनी डहाळा हातात घेणं सोडलं. पुढच्या पावसात एका पोराला नानेटी चावली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्याला विष नसतं. तरी दवाखान्यात दाखवून या." पोराचा बाप रागानं निघून गेला. मग लोक घाटमाथ्यावरच्या दुसऱ्या एका मांत्रिकाकडं जायला लागले. तो काही विचारत नसे. साप कसा होता, कुठं गेला, अंगावर काय होतं, काहीच नाही. सगळ्यांनाच हातात घ्यायचा. मण्यार चावलेल्या एका मुलीला त्यानं अंगारा लावून घरी पाठवलं. ती पुन्हा उठली नाही.

ती बातमी आली त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी देवळाची घंटा वाजवून माणसं गोळा केली आणि सांगितलं की भैरोबानं पुन्हा कौल दिला आहे. आता उतारा देवळात होणार नाही. माणूस गाडीत घालायचा, तात्या बरोबर येणार, वाटेत मंत्र चालू राहणार, आणि दवाखान्याच्या दारात पाय टेकला की मगच तो पुरा होणार. साप कुठलाही असो.

लोकांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं.

"पुन्हा खोटंच," ते म्हणाले. "खरं सांगून बघितलं की."

त्यानंतर किती माणसं त्यांनी अशी तालुक्याला पोचवली, मी मोजली नाहीत. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, मिळेल ते. वय झालं तरी जायचे. घाटाच्या प्रत्येक वळणावर पुटपुटत. परत आले की हातपाय धुऊन गप्प बसायचे. मला ठाऊक होतं, प्रत्येक खेपेला मांडीवर डोकं सर्जाचंच असायचं.

गावानं त्यांना आणखी मोठं केलं. आणि सगळ्यांत जास्त अनसाकाकूंनी. दर वर्षी नवा तांदूळ निघाला की पहिली पायली त्या तात्यांच्या घरी आणून द्यायच्या, सर्जाच्याच वावरातला. तात्या नको म्हणू शकायचे नाहीत. तो भात शिजला की ताटावर बसायचे, दोन घास तोंडात घालायचे आणि उठायचे. आत्याबाई होत्या तोवर त्यांना वाटायचं, भूक मंदावली.

शेवटच्या वर्षी तात्या अंथरुणाला खिळले होते. अनसाकाकूही वाकून गेल्या होत्या, तरी काठी टेकत तांदूळ घेऊन आल्या. तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, म्हणाल्या, "तुमच्यामुळं ह्या गावातली लेकरं जगली," आणि गेल्या.

मी पायली उचलून आत न्यायला निघाले.

"इंदू," तात्यांनी हाक मारली. "जरा बस."

मी बाजेच्या कडेला बसले.

"हिंदुरावला सांगितलं, काकूला सांगितलं, समद्या गावाला सांगितलं. कुनीच मनावर घेत न्हाय. एकानं तरी मला बोलायला पायजे हुतं." त्यांचा श्वास लागत होता. "तू तिथं हुतीस. तुला समदं ठावं हाय. तू म्हन."

"काय म्हणू तात्या?"

"खरं हाय ते."

मला समजलं. त्यांना काही बरं वाटेल असं बोलावं, इतकी माणसं वाचवली म्हणावं, असं तोंडाशी आलं होतं. तेच तर सगळे इतकी वर्षं बोलत आले होते. मी त्यांचा हात हातात घेतला.

"सर्जा तुमच्यामुळं गेला, तात्या," मी म्हणाले. "टेम्पो दारात होता. तुमच्या नावानं त्याला खाली उतरवला."

त्यांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळून उशीवर गेलं. मी हात सोडला नाही.

"हां," ते शेवटी म्हणाले. मग थोड्या वेळानं, "भात टाक त्यातला. आज जेवतो."